खुलासा: कॅपस्टोन मूळ सी कोड परत देत नाही

‘पायथनमध्ये कॅपस्टोन टाका, कुठल्याही प्रोग्रॅमचा मूळ सी कोड मिळेल’ असा मेसेज फिरतोय. तसं होत नाही. कॅपस्टोन हा डिसअसेंबलर आहे. प्रोग्रॅमच्या मशीन कोडचे बाइट्स घेतो, असेंब्लीतल्या (प्रोसेसरचे आदेश शब्दांत लिहायच्या भाषेतल्या) सूचना देतो. एक्स८६ या प्रोसेसर-प्रकाराच्या ६४-बिट मोडमध्ये ५५ ४८ ८९ ई५ हे बाइट्स देऊन बघा: ‘पुश आरबीपी’ आणि ‘मूव्ह आरबीपी, आरएसपी’, एवढंच हाती येतं. ३२-बिट मोड लावला तर त्याच बाइट्सच्या तीन सूचना होतात, म्हणजे मोडसुद्धा आपणच अचूक सांगायचा. कॉमेंट्स तर कंपाइल होतानाच, म्हणजे सी कोडचा मशीन कोड बनतानाच गळतात, त्या कुठलंच टूल परत आणत नाही. सीसारखा अंदाजी कोड हवा असेल तर घिड्रासारखा डीकंपायलर वापरा. नवशिके यात नाहक अडकतात, म्हणून कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.