आधी खोकं दाखवा

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार. कंटाळा आला तर पुढे सरका.

भाचीचं लग्न ठरलंय. साखरपुड्याचे फोटो ग्रुपवर पडले आणि एका नातेवाईक बाईंनी लिहिलं, "गोड दिसतेय हं, फक्त जरा टॅन झालीये." झालं! पोरगी आज मला घेऊन स्किन क्लिनिकमध्ये. पांढरा कोट घातलेली काउन्सेलर (डॉक्टर नव्हे) भाचीच्या दंडाची आतली बाजू दाखवून म्हणते, "मॅम, तुमचा ओरिजिनल कलर हा. आपण फक्त तो बाहेर काढणार." कसा? ग्लुटाथिओनची ड्रिप, म्हणजे गोरं करतं म्हणून विकलं जाणारं औषध सलाईनसारखं शिरेतून. ब्रायडल पॅकेज. आजच बुक केलं तर फेशियल फुकट.

भाचीने एवढंच विचारलं, "औषधाचं खोकं दाखवता का?"

"इम्पोर्टेड आहे मॅम."

हो, पण खोकं? "सरांना विचारावं लागेल." सर कधी येतात? गुरुवारी!

बिस्किटाचा पुडा घेताना तारीख बघणारी माणसं आपण. आणि इथे थेट शिरेत काय जाणार ते गुरुवारी कळणार? गोरं करणारं एकही इंजेक्शन अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध प्रशासनाने) मंजूर केलेलं नाही. फिलिपिन्समध्ये या ड्रिपचं पेव फुटलं, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच इशारा दिला होता: अंगावर पुरळ, थायरॉइड आणि किडनीचे बिघाड. पॅकेजच्या रंगीत कागदावर यातलं अक्षर नाही. तिथे फक्त 'सेलिब्रिटी ग्लो'.

आणि अकोल्याची ती बातमी विसरलात का? पार्लरमधून आणलेलं क्रीम. मुलगी उजळली म्हणून आई आणि बहीणही लावू लागल्या. तिघींच्या किडन्यांवर परिणाम. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासलं तर त्यात पारा. पारा लावला की त्वचेत रंगद्रव्य कमी तयार होतं, म्हणजे क्रीम 'काम करत' होतं! हीच तर गोम आहे. स्टेरॉइडच्या ट्यूबचंही तेच. सुरुवातीला चेहरा असा खुलतो की मैत्रिणी नाव विचारतात. मग लाली, पुरळ, उन्हात गेलं की आग. आणि बंद केलं की दुप्पट उसळतं. तिचं खोकं नीट वाचलं तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं. पण वाचतो कोण, आणि चिठ्ठी मागतो कोण?

कोलॅजन क्रीमवर तर मी बोलतच नाही. कोलॅजन म्हणजे त्वचेतलं प्रथिन, त्याचा रेणू एवढा अवाढव्य की त्वचेतून आत जातच नाही, वरच बसतो. हजारो रुपयांचं मॉइश्चरायझर.

बरं, सगळे डॉक्टर असे नसतात. माझ्याच बहिणीचे पिंपल्स स्किनच्या डॉक्टरांनी साध्या, स्वस्त औषधांनी बरे केले. मान्य. पण त्यांनी औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं होतं ना!

रिक्षात भाची गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, पण खरंच टॅन झालेय का गं मी?" खोकं मागायची हिंमत असलेली पोरगी, आणि हा प्रश्न. काय बोलणार? १९७५ पासून ती गोरेपणाची ट्यूब आपल्या आरशांपुढे आहे. २०२० मध्ये नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. ग्रुपवरच्या बाईही 'काळी' म्हणाल्या नाहीत, 'टॅन' म्हणाल्या. सुधारलोय आपण!

आता राग त्या काउन्सेलरवर नाहीच राहिला. तिला टार्गेट असणार बिचारीला. राग आपल्याच माणसांवर आहे. तर काकू, मावश्या, आत्या, तुम्ही ही पोस्ट वाचताय हे मला माहीत आहे. लग्नाला या, पोटभर जेवा. स्टेजवर नवरीच्या रंगाबद्दल एक शब्द जरी निघाला, तरी माईक माझ्या हातात असणार आहे. निवेदन मीच करतेय.