तंबाखूचं पाणी गाईच्या कातडीतून आत जातं

पावसाळ्यात पशुपालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा उपाय हमखास फिरतो: तंबाखू उकळा, त्यात चुना कालवा, गाईच्या अंगभर चोळा, गोचीड झडतात. वर खात्री दिलेली असते की औषध झाडपाल्याचं आहे आणि गुरांची कातडी जाड असल्यामुळे आत काही मुरत नाही.

गोचीड मरतात, हे खरं. मारतं ते निकोटीन. गोचिडाच्या मज्जासंस्थेत ते जिथे घाव घालतं, तशाच जागा गाईच्या नसांत आणि स्नायूंत आहेत. त्यामुळे झाडपाल्याचं म्हणून ते गाईला सोडून देत नाही.

आता जाड कातडी. जाडी असते ती खालच्या थराची, आणि तिथे रक्तवाहिन्या आहेत. अडवणारा खरा थर सगळ्यात वरचा, मृत पेशींचा, अगदी पातळ. निकोटीनचा रेणू लहान, पाण्यात विरघळतो आणि चरबीतही, म्हणून तो थर ओलांडतो. तंबाखूची ओली पानं खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर येते ती याच वाटेने. सिगारेट सोडवणारी पट्टी २४ तासांत २१ मिलिग्रॅमपर्यंत निकोटीन कातडीतूनच देते. गुरांचंच उदाहरण हवं तर पाठीवर ओतायचं आयव्हरमेक्टिन घ्या: ते पोटातले जंत मारतं. सगळं औषध आत जात नाही, म्हणून इंजेक्शनला किलोमागे २०० मायक्रोग्रॅम लागतं तिथे पाठीवर ५०० ओततात. पण तिथे मात्रा ठरलेली असते. काढ्यात निकोटीन किती उतरलं, हे कोणी मोजलेलं नसतं. शिवाय गाय अंग चाटते, तेवढं थेट पोटात जातं.

मला सगळ्यात घातक वाटतो तो चुना. अल्कधर्मी द्रावणात निकोटीनच्या रेणूवरचा विद्युतभार जातो आणि भाररहित रेणू कातडीतून जास्त सहज शिरतो. म्हणजे चुना कालवून आपण विषाला वाट मोकळी करून देतो. त्यात गोचिडाने केलेल्या जखमा असतात, आणि वासराच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठं असतं.

लाळ गळणं, स्नायू थरथरणं, झोकांड्या जाणं, धाप लागणं दिसलं तर हातमोजे घालून भरपूर साध्या पाण्याने अंग धुवा, चाटू देऊ नका आणि लगेच पशुवैद्यकांना बोलवा. गोचिडांसाठी औषध आणि त्याची मात्रा त्यांच्याकडूनच घ्या. गोठ्याच्या भिंतींच्या फटी लिंपून घ्या. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली गळून पडते आणि अशा फटींत शिरून हजारो अंडी घालते.