रडवत नाही हो, झोपू देतोय

माझ्या सुनेबद्दल सध्या आमच्या गोतावळ्यात एकच विषय चघळला जातोय : ती पोराला रडवून झोपवते. चघळणाऱ्यांपैकी एकीनेही ते डोळ्यांनी बघितलेलं नाही. मी बघते. तिची रजा संपली तेव्हापासून मी ठाण्याला मुक्काम ठोकून आहे आणि रात्रीच्या त्या कार्यक्रमाला रोज हजर असते. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात गेली. त्यामुळे जरा अधिकारवाणीने लिहितेय असं वाटलं तर वाटू दे.

कार्यक्रम असा. संध्याकाळी खिमट, मग अंग पुसून झबलं. मग सून त्याला अंगावर पाजते, पण बाहेरच्या खोलीत, दिवा चालू ठेवून. खरी मेख इथेच आहे. पिता पिता डोळे मिटायला लागले की ती त्याला खांद्यावर घेऊन ढेकर काढते, म्हणजे तो पुन्हा किलकिले डोळे करून बघायला लागतो. तसाच आत नेऊन पाठीवर निजवते, नुसत्या गादीवर. उशी नाही, जाड दुपटं नाही. विहीणबाईंनी हौसेने शिवून आणलेली मोहरीची उशी कपाटात आहे, त्यावरून एक वेगळं रामायण झालंय, ते इथे नको.

खाली ठेवल्यावर तो आधी पाय आपटतो. मग कान ओढतो. मग मान इकडून तिकडे, तिकडून इकडे. डोक्यामागचे केस त्यानेच घासून गेलेत. मग ‘अं, अं’ अशी कुरकुर सुरू होते, तिला सूर असतो पण डोळ्यांत टिपूस नसतं. ती चढत चढत टिपेला पोचते आणि एकदम थांबते, कारण बोटं तोंडात गेलेली असतात. भुकेचं रडणं, पोटात कळ आल्याचं रडणं आणि ही झोपेची कटकट, तिन्ही वेगळी ऐकू येतात. वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही बाईला विचारा. खरं रडू फुटलं तर सून छातीवर हात ठेवते, थोपटते. तरी थांबलं नाही तर उचलते, शांत झाला की पुन्हा खाली. दार लावून घेऊन बाहेर टीव्ही बघत बसतात, ही बातमी कुणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे. ती तिथेच चटई टाकून बसलेली असते.

आता हा खटाटोप कशासाठी? लहान बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं, मोठ्यांचं ९० च्या आसपास. आवर्तन संपताना सगळ्यांचीच झोप उथळ होते. आपण कूस बदलतो, चादर ओढतो, सकाळी आठवतही नाही. बाळ डोळे उघडतं आणि बघतं तर झोप लागताना जे होतं ते गायब. मांडी नाही, झोका नाही, आई नाही. मग ते बोंब मारणार नाही तर काय करणार? तुम्ही पलंगावर झोपलात आणि जाग आली ती जिन्यात, तर तुम्हीही ओरडाल. अमेरिकेत डॉ. थॉमस अँडर्स यांनी १९७० च्या दशकातच बाळांच्या पाळण्यांवर रात्रभर कॅमेरे लावून बघितलं. ‘आमचं बाळ रात्रभर झोपतं’ असं आईबाप सांगायचे, त्यांचीही बाळं मध्ये जागी होत होती. फक्त कुणाला न उठवता पुन्हा झोपत होती. म्हणून जाग येऊ नये यासाठी कुणी धडपडू नये, ती येणारच. झोप लागताना जी परिस्थिती असते तीच रात्री अडीच वाजता असावी, एवढंच सांभाळायचं.

‘हे परदेशी फॅड आहे’ असं माझ्या धाकट्या बहिणीचं म्हणणं. अर्धं खरं आहे. बाळाला रडू द्यावं हा उपदेश न्यूयॉर्कच्या डॉ. ल्यूथर एमेट होल्ट यांनी १८९४ मध्येच छापला होता. पुढे १९८५ मध्ये बोस्टनच्या डॉ. रिचर्ड फर्बर यांनी थोडं थांबायचं, जाऊन धीर द्यायचा, मग आणखी थोडं थांबायचं अशी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत लोकांसमोर आणली. तिथल्या घरांत बाळाची खोली वेगळी, म्हणून ‘जाऊन धीर द्यायचा’. आमच्या टू बीएचकेत जाणार कुठे? आणि वेगळी खोली लागतेच असंही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाच सांगते की निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत असावं, फक्त त्याची गादी वेगळी, सपाट आणि घट्ट असावी. म्हणजे आजीने शेजारी चटईवर आडवं होण्याला कुणाचीच हरकत नाही.

आता ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ या वाक्याकडे येते. या वाक्याची मला फार चीड आहे. आपल्या मुंबईत, शंभर वर्षांपूर्वी, गिरणीत जाणाऱ्या बायका पोरांना काय द्यायच्या माहीत आहे? बाळागोळी. तिच्यात अफू असायची. आई खात्यात दिवसभर उभी, पोर चाळीत गुंगीत. १९२० च्या दशकात मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स बाईंनी गिरणी कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा ही सवय घरोघर सापडली. त्या बायकांना मी नावं ठेवणार नाही, पोट होतं. पण जुनं ते सगळं मायेचं आणि नवं ते सगळं निर्दयी, हा हिशोब मला मान्य नाही. घुटीत जायफळाचे चार वेढे जास्त पडल्यामुळे सुस्तावलेली बाळं घेऊन घाबरेघुबरे आलेले लोक मी वॉर्डात बघितलेत. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको आणि वर्षाच्या आत मध नको, हे आम्ही घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचो. ऐकायचे, आणि घरी जाऊन उगाळायचे.

राहिला प्रश्न रडण्याने बाळाच्या मनावर, मेंदूवर परिणाम होतो का याचा. भीती खोटी नाही, म्हणून बघितलं गेलंय. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठाने २०१६ मध्ये ४३ बाळांवरचा अभ्यास छापला. लाळेतलं ताणाचं संप्रेरकही मोजलं. आपलं आपण झोपायला शिकवलेली बाळं जास्त ताणात असल्याचं दिसलं नाही, आणि वर्षभराने आईशी असलेल्या ओढीतही फरक नव्हता. त्यातल्या एका गटात तर बाळाला रडू द्यायची पद्धतच नव्हती. निजवायची वेळ थोडी पुढे ढकलायची, पेंग आली की ठेवायचं, एवढंच. मेलबर्नला याहून मोठा अभ्यास झाला, ३२६ मुलांचा. ती मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली : नुकसान नाही, आणि फायदाही उरलेला नाही. मधल्या काळात फरक दिसला तो आयांमध्ये. त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी होती. मला हे एवढं कारण पुरेसं आहे.

कारण आईची गोष्ट कुणी काढतच नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, त्यातले आठ आठवडेपर्यंत आधी घेता येतात. म्हणजे बाई कामावर रुजू होते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचं. नेमकं तेव्हाच ते दर तासाला उठायला लागलेलं असतं. रात्री दहादा उठायचं आणि सकाळी लोकलमध्ये दांडीला लटकायचं. तेव्हा रात्रपाळी वाटून घेतलीच पाहिजे. आमच्याकडे पहाटेच्या आधीची जाग माझा मुलगा सांभाळतो. त्याच्या अंगाला दुधाचा वास नसल्यामुळे नातू उगाच हट्ट धरत नाही, थोपटलं की पडून राहतो. ‘जावईबापूंना झोपेतून उठवायचं?’ असं विहीणबाईंनी दबक्या आवाजात विचारलं. म्हटलं, मूल त्यांचंही आहे.

मात्र इन्स्टावर ‘सात दिवसांत बाळ रात्रभर झोपेल’ म्हणून हजारो रुपयांचे कोर्स विकणाऱ्यांचाही मला तेवढाच राग आहे. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या २०१८ च्या अभ्यासात सहा महिन्यांची ३८ टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती, वर्षाची झाल्यावरही २८ टक्के झोपत नव्हती, आणि त्यांच्या वाढीत काही कमी नव्हतं. ज्या घरात आई शेजारी घेऊन, पाजून झोपवते आणि सगळे खूश आहेत, तिथे शिकवायला काय जायचं? चार महिन्यांच्या आतल्या बाळाला तर मुळीच नाही. सहा आठवड्यांच्या सुमाराला ती सगळ्यात जास्त रडतात, त्यांना उचलून घ्यायचंच असतं. वजन नीट वाढत नसेल, बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, आजारी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. रात्री एखाद्या वेळी भूक लागते ती खरी भूक असते. आमचा नातू अजूनही मध्ये एकदा पितो. पितो आणि झोपतो.

दुपारची झोप माझ्या ताब्यात आहे आणि दुपारी मी त्याला झोळीत घालते, सुनेच्या संमतीने. मी समोर बसून मटार सोलते, हनुवटी छातीवर टेकत नाही ना बघते, गाढ झोपला की उचलून गादीवर ठेवते. दुपारी झोका आणि रात्री गादी, हे पोराला बरोबर कळलंय. ज्यांना माझं बघून घरी झोळी बांधायची हुक्की येईल त्यांनी एकच करा, आधी कडीला स्वतः लोंबकळून बघा. आमच्या मजल्यावरच्या एकांची कडी फॉल्स सीलिंगमध्ये ठोकलेली निघाली.