गब्बरच्या कपाळी कुंकू

गब्बरसिंगच्या कपाळावर सध्या एक अंगठा उमटलेला आहे. माझा नव्हे. तळमजल्यावरच्या काकांचा. आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटलेलं नाही.

शाडूचा अर्धपुतळा करायला घेतला होता, एवढीच हकीकत. घरात चिखल नको असा ठराव झाल्यामुळे पुतळा जिन्याच्या पॅसेजमध्ये, स्टुलावर. शाडू वाळली की तडकते, म्हणून त्यावर ओलं फडकं आणि वर प्लास्टिकची पिशवी.

आता गब्बरच का? तर त्या चेहऱ्यात काम आहे. अमजद खानचा चेहरा मुळात गोल, गालांवर मांस. 'शोले'च्या वेळी बाबा जेमतेम पस्तिशीचा. दरारा आहे तो अर्धवट मिटलेल्या पापण्यांत आणि दाढीच्या खुंटांत. मातीत केस करता येत नाहीत, केसांची सावली करावी लागते. जुन्या टूथब्रशने टोचत टोचत मी ती दाढी उगवली होती. माझ्या स्वतःच्या दाढीकडे मी इतकं लक्ष कधी दिलेलं नाही.

परवा फडकं काढून पाणी शिंपडत होतो. काका दूध घेऊन वर आले, पुतळ्यासमोर थबकले, पिशवी खाली ठेवली आणि चपला काढल्या.

"आजोबा का रे?"

मी नाही म्हणणार होतो. पण तेवढ्यात ते म्हणाले, "हुबेहूब! अगदी तुझं नाक." मग मात्र माझं डोकं फिरलं. ते नाक मी तीनदा कापून नव्याने बसवलं होतं, आणि ते माझं नक्कीच नव्हतं.

"आजारपणात दाढी वाढली असेल," काका म्हणाले. "गाव कुठलं?"

"रामगढ."

"म्हणजे आपलं मालवणातलं रामगड? अरे, माझी मावशी आचऱ्याला! काय करायचे?"

"डोंगरातच असायचे. हाताखाली बरीच माणसं होती. लांबलांबच्या गावांतल्या आयांनासुद्धा नाव ठाऊक."

"जुनी माणसं. जनसंपर्क फार. मग ती माणसं अजून आहेत?"

"तिघांना एकदमच कमी केलं."

"व्हीआरएस?"

"तसंच काहीसं."

"भाऊबंदकी वगैरे?"

"ठाकूर म्हणून एक होते. त्यांच्याशी प्रकरण हातघाईवर आलं."

"जमिनीचं असणार," काकांनी निकाल दिला. "कधी झालं रे हे?"

"पंधरा ऑगस्ट. पंच्याहत्तर."

"पंच्याहत्तर म्हणजे हल्ली काही वय नाही. आणि दिवस बघ कसा मिळाला! आत्ता आठवड्यापूर्वीच की, आणि आम्हाला पत्ता नाही. झोपेत गेले?"

"त्यात दोन मतं आहेत. मुळात ठाकूरांनीच लाथांनी संपवलं होतं, पण वरून मंजुरी मिळेना. मग पोलिसांनी पकडून नेलं असं दाखवलं."

"पोस्टमॉर्टेमची कटकट नको म्हणून करतात तसं," असं म्हणून काका जड पावलांनी खाली गेले. मला वाटलं, संपलं. ते कुंकवाचा करंडा घेऊन परत आले. मी "अहो काका, ओलं आहे" म्हणेपर्यंत त्यांनी अंगठा टेकवला, आणि नुसता टेकवला नाही, सत्यनारायणाला आलेल्या जावयाला लावतात तसा कपाळावर दाबून वर ओढला. डाव्या भुवईचा शेंडा त्याबरोबर गेला. हार घातला तो ओल्या दाढीवर. काढला तेव्हा अर्धी दाढी झेंडूबरोबर आली.

शाडूत मुरलेलं कुंकू पुसून जात नाही. तेवढी माती खरवडून काढावी लागते आणि मग जोड दिसत राहतो. हे कुणाला सांगायचं?

आणि राग कुंकवाचा नाहीच. आपल्याकडे खांद्यापर्यंतचा माणूस दिसला की तो मेलेला आणि थोर, या दोन गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. मग त्याच्याकडे बघायचं कशाला? हार घालायचा, जयंतीला धुवायचा, मधल्या काळात कावळ्यांच्या ताब्यात द्यायचा. अलिबागजवळ सासवण्याला करमरकरांचं शिल्पालय आहे. शिवरायांचा पुण्यातला १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा करणारा हा माणूस, त्याने साध्या कोळणीचंही शिल्प केलं, आणि तिच्यासमोर लोक चपला न काढता नुसते बघत उभे राहतात. तेवढंच हवं होतं मला. एकाने तरी म्हणावं, पापणी जमली आहे. काकांनी पापणी पाहिलीच नाही. ज्या डाकूच्या संवादांच्या तबकड्या खपल्या, ज्याने बिस्किटांची जाहिरात केली, तो त्यांना ओळखू आला नाही. कारण मातीला आवाज नाही, आणि खांद्यापर्यंतच्या गब्बरला कमरेचा पट्टा नाही. म्हणजे एवढी वर्षं चेहरा कुणी पाहिलाच नव्हता काय?

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडली. फोटो पुतळ्याचाच, कुंकवासकट. खाली हात जोडलेल्यांची रांग. सेक्रेटरींनी हात जोडून लगेच पुढे विचारलं की कॉमन पॅसेजमध्ये स्मारक किती दिवस राहणार. माझे खरे आजोबा गेले तेव्हा यातल्या एकानेही बेल वाजवली नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मात्र, सुतकात चूल कुठे पेटवणार म्हणून, पातेलंभर पिठलं आणि भात आणून दिला. आम्ही तो मुकाट्याने खाल्ला.

मीठ कमी होतं.