वेळापत्रक हानलेचं, आकाश साताऱ्याचं

नमस्कार सर,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. आमच्याकडून आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण भाड्याने आणि रात्रीचं छापील वेळापत्रक घेऊन तुम्ही वैशाख अमावस्येला ठोसेघरच्या वाटेवरच्या शेतावर गेलात. ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गुच्छ सापडला नाही, यादीतलं बाकीचंही जागेवर नव्हतं, आई दीड तास खुर्चीत ताटकळत बसल्या. सॉफ्टवेअर भंगार, आरसा खराब, आणि फोन केला तर ‘क्षितिजावर धूसर असेल’ एवढंच उत्तर मिळालं, असं तुम्ही लिहिलंय.

चूक आमची आहे, आणि ती माझ्याच हातून झाली आहे.

अभिप्राय वाचल्यावर दुकानातल्या लॅपटॉपवर वेळापत्रक काढायचं सॉफ्टवेअर उघडलं आणि त्यात आधी ध्रुवतारा बघितला. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, फरक पडलाच तर एका अंशाच्या आतला. साताऱ्यात तो १७-१८ अंशांवर हवा. स्क्रीनवर ३३ दिसले आणि पोटात गोळा आला. एप्रिलमध्ये लडाखला हानलेला निघालेल्या एका ग्रुपचं वेळापत्रक मी याच लॅपटॉपवर काढलं होतं. नंतर ठिकाण बदलायचं राहून गेलं. हानलेचा अक्षांश ३२ अंश ४७ मिनिटं, साताऱ्याचा १७ अंश ४१. दक्षिणेचे तारे उत्तरेला जावं तसे खाली दिसतात, त्यामुळे तुमच्या कागदावर ओमेगा सेंटॉरीची जास्तीत जास्त उंची १० अंश छापली गेली. आपल्याकडे तो २५ अंशांपर्यंत चढतो. शहरात दक्षिणेला अजिंक्यतारा आडवा येतो म्हणून तुम्ही मुद्दाम मोकळी दक्षिण बघून शेतावर गेलात, नळीवरचा अँगल मीटर १० वर आणलात, आणि गुच्छ होता तिथून १५ अंश वर, जरासा पूर्वेला. २५ मिलिमीटरच्या आयपीसमधून, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगातून, या दुर्बिणीत जेमतेम एक अंश आकाश दिसतं. त्या कागदावरून तो कुणालाच सापडला नसता.

ठिकाण दुरुस्त केलं, तरी मोबाइलवरच्या स्टेलॅरियम या आकाशाच्या नकाशाच्या अ‍ॅपशी वेळ १२ मिनिटांनी जुळेना. यात अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी टाइम झोनच्या चौकटीत ५.३० टाकलेलं सापडलं. साडेपाच लिहायचं म्हटलं की आपला हात ५.३० कडेच जातो. हे सॉफ्टवेअर दशांशात मोजतं, त्याला ५.५ लागतं. ५.३० म्हणजे त्याच्या लेखी पाच तास अठरा मिनिटं. १२ मिनिटांत आकाश तीन अंश सरकतं. शिवाय हानले आपल्या पूर्वेला पाच अंश, त्याची आणखी २० मिनिटं. म्हणून साडेदहाच्या सुमारास बरोबर दक्षिणेला येणारा गुच्छ कागदावर दहाच्या आधीच आला होता.

तेव्हा सॉफ्टवेअरला बोल लावता येणार नाही. त्याला हानले विचारलं, त्याने हानलेचं सांगितलं. आरशाबद्दलही मी सहमत नाही. दुर्बीण परत आल्यावर चित्रा ताऱ्यावर धरून तपासली, फोकसबाहेरची कडी सगळीकडून एकसारखी गोल होती, म्हणजे आरसा ठीक आहे.

फोनवरच्या उत्तराचं मात्र मला सगळ्यात वाईट वाटतंय. ‘धूसर असेल’ हे मीच म्हणालो, काहीही न तपासता. ‘चित्रा दिसतेय का?’ एवढं विचारायला हवं होतं. चित्रा दक्षिणेला आली की तिथून सरळ खाली उतरायचं. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची, अशा साडेतीन मुठी. तिथे नुसत्या डोळ्यांनाही एक पुसट, धुरकट तारा दिसतो. तोच नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी, १७ हजार प्रकाशवर्षांवरचा. दोन मिनिटांत आईंना दाखवता आला असता. त्यांची आणि तुमची मनापासून माफी मागतो.

भाडं पूर्ण परत केलं आहे. आता प्रत्येक वेळापत्रकाच्या डोक्यावर ठिकाण, टाइम झोन आणि ध्रुवाची उंची छापतो, आणि दुर्बीण दुकानाबाहेर पडण्याआधी ते तीन आकडे ग्राहकासोबत बसून वाचतो.

जूनमध्ये ढग येतील, मग या गुच्छासाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागेल. फेब्रुवारीच्या मध्याला तो पहाटे साडेचारला दक्षिणेला येतो, एप्रिलमध्ये रात्री साडेबाराला. तुम्ही म्हणाल त्या रात्री मी स्वतः दुर्बीण घेऊन शेतावर येईन, पैसे न घेता. आईंना जागरण नको असेल तर मेपर्यंत थांबू. तेव्हा तो पुन्हा साडेदहाच्या सुमारास येतो.