हॉस्टेल हवंच आहे, पण आधी सांगा तरी

आमच्या बेडरूमच्या खिडकीसमोर युनिव्हर्सिटीचं नवीन हॉस्टेल बांधतायत, सव्वा वर्ष झालं. परवा बिल्डिंगमध्ये अर्ज फिरला की हे हॉस्टेलच नको. मी सही केली नाही, त्यावरून शेजारचे दोघंतिघं नाराज आहेत म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

त्रास मलाही होतोय, थोडाथोडका नाही. पण माझ्या भाचीला पहिल्या वर्षी हॉस्टेल मिळालं नव्हतं, दीड तास जायला दीड तास यायला, लायब्ररी बंद होईपर्यंत ती पोरगी एक दिवस तिथे थांबू शकली नाही. त्यामुळे खोल्या बांधू नका असं माझ्या तोंडून येणार नाही. माझं भांडण काम कसं चाललंय त्याच्याशी आहे.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला काँक्रीट मिक्सरच्या गाड्या यायला लागल्या, पंप सुरू, काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची घरघर, गाडी मागे घेताना तो टीं टीं टीं आवाज, पहाटे तीनपर्यंत. सासूबाई अंथरुणात उठून बसून होत्या, बीपीची गोळी घेऊनही झोप नाही. सकाळी मी तरातरा साइटवर गेले. तिथला इंजिनिअर पोरगा बिचारा स्वतःच रात्रभर जागा होता, त्याने नीट समजावलं की स्लॅब भरायला घेतला की मधेच कुठेही थांबवता येत नाही, आधीचं काँक्रीट घट्ट व्हायला लागलं आणि त्यावर नवीन पडलं की दोन्ही एकजीव होत नाहीत, सांधा कच्चा राहतो आणि पुढे तिथूनच पाणी झिरपतं. पटलं मला. पण मग स्लॅबची तारीख आठवडाभर आधी ठरलेली असते ना? गेटवर एक कागद चिकटवला असता तर सासूबाईंना त्या रात्री नणंदेकडे पाठवलं असतं. एक कागद हो!

धुळीचं तर कोणी बोलतच नाही. काँक्रीट, विटा, टाइल कापताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका (वाळू-दगडात असते ती) असते, आणि फुफ्फुसात खोल जाणारे कण इतके बारीक की डोळ्याला दिसतही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९७ मध्येच ही धूळ कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलीय. उपाय काय, तर कापताना पात्यावर पाण्याची धार सोडायची, बरीचशी धूळ तिथेच बसते. इथे सगळं कोरडंच कापतात. मी खिडकीच्या फटीत ओलं फडकं लावते, संध्याकाळी पिळलं की राखाडी पाणी निघतं. आणि आम्ही निदान खिडकी लावून घेतो, कटर धरणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधून दिवसभर त्याच धुळीत उभा असतो, त्याचं काय? अर्जात त्याच्याबद्दल एक ओळ नाही.

पायलिंग, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल खांब घालायचं काम, चालू असताना आमच्या किचनच्या भिंतीला तडा गेला. म्हणजे तडा आधीचा होता की तेव्हाचा, हे आता कोणीच सिद्ध करू शकत नाही, कारण काम सुरू व्हायच्या आधी आजूबाजूच्या भिंतींचे फोटो काढून ठेवायला हवे होते ते ना त्यांनी काढले ना आम्ही. ज्यांच्या घराजवळ असं काम सुरू होणार असेल त्यांनी आजच काढा, तारखेसकट. मी आता तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून बाजूला तारीख लिहिलीय, दर रविवारी बघते. चार रविवार झाले, रेघेपुढे गेलेला नाही.

मला जास्त काळजी वेगळीच आहे. उद्या मुलं राहायला येतील तेव्हा ह्या दोन वर्षांचा राग त्यांच्यावर निघणार, गॅलरीत कोणी मोठ्याने हसलं तरी लोक म्हणणार बघा म्हणालो होतो ना. त्या पोरांनी ना रात्री स्लॅब भरला ना धूळ उडवली.

म्हणून मी वेगळा अर्ज लिहिलाय, तीनच मागण्या: रात्रीच्या कामाची सूचना दोन दिवस आधी, कापाकापी पाण्याखाली, आणि तक्रारीसाठी एक फोन नंबर जो कोणीतरी उचलेल. आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात. पुढचा स्लॅब आठ-दहा दिवसांत आहे म्हणे, त्याआधी द्यायचाय, कोणाला सही करायची असेल तर संध्याकाळी सातनंतर घरी या.