खुलासा: फक्त मागचे क्राउन-पिनियन बदलून भागत नाही
‘जुन्या टोयोटा पिकअपला मोठे टायर लावले, की मागच्या ॲक्सलचे क्राउन-पिनियन बदला, पुढचे राहू द्या, फोर-व्हील क्वचितच लागते,’ हा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. क्राउन-पिनियन म्हणजे शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणारी, ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी. या गाड्यांत फोर-व्हील टाकताच ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडते. मागे क्राउन-पिनियनचे गुणोत्तर 4.88 (म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या 4.88 फेऱ्या), पुढे 4.10 असेल, तर शाफ्टच्या 100 फेऱ्यांत मागची चाके साडेवीस आणि पुढची जवळपास साडेचोवीस फिरू पाहतात. कोरड्या रस्त्यावर हा ताण जिरायला जागाच नसते, काहीतरी तुटू शकते. 4.10 आणि 4.11 एवढा किरकोळ फरक मात्र चालतो. म्हणून कृपया दोन्ही ॲक्सल एकाच वेळी उघडा, बेअरिंग-सीलही तेव्हाच बदला. नवा पिनियन जुन्या शिमवर (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकतीवर) डोळे झाकून बसवू नका; बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजनेच मोजा.